तू फक्त सांग

सोमवारी दुपारी तुम्ही ऑफिसात डबा उघडता, तेव्हा त्यातली मटकीची उसळ कधी सुरू झाली होती, सांगता येईल तुम्हाला? सोमवारी सकाळी, असं म्हणाल तर ती तुम्ही कधी केलेली नाही. ती शनिवारी सुरू होते, मटकी निवडून पाण्यात टाकली की. संध्याकाळी ती उपसायची, फडक्यात बांधायची, रविवारी मोड येतात की नाही ते बघत राहायचं, उकाडा फार असेल तर लवकर सोडायची, नाहीतर तार सुटते. आणि त्याच्याही आधी कधीतरी, बहुधा कामावरून परत येताना, पिशवी खांद्याला लावून जिना चढताना कोणीतरी मनाशी म्हणालेलं असतं की सोमवारी मटकी करू. हे मनाशी म्हणणं कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही. आमच्या घरात तर सगळ्या जगाच्या श्रमांची चर्चा व्हायची, आणि तिथेही ते कोणाला दिसलं नाही. ते दिसायला लागलं त्या एका वर्षाविषयी मला लिहायचं आहे.

आत्मकथन लिहिण्याचं माझं वय झालेलं नाही, हे मला कळतं. तिशी ओलांडून फार वर्षं झालेली नाहीत. पण ज्या घरात मी वाढले तिथे माणसं बोलायला लवकर शिकायची आणि दमायलाही लवकर. मुंबईच्या उत्तरेला एव्हरशाईन सिटी नावाच्या वसाहतीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्यातली बाहेरची खोली खरं तर पत्रकांची होती. बाबा सातिवलीच्या एका लहान कारखान्यात पाण्याच्या पंपाचे भाग करायचे, आणि उरलेल्या वेळात आसपासच्या युनिटमधल्या कामगारांचं एक मंडळ चालवायचे. कामाचे तास, ओव्हरटाइम, मशीनवर बोट गेलं तर कोणी काय करायचं, असल्या विषयांवर ते पत्रकं लिहायचे आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांवरच. ‘आवाहन’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता आला असं आई म्हणायची. माझं नाव मुक्ता ठेवलं तेही त्याच भरात. बाबांनी आईला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की मला अहो म्हणायचं नाही, नावाने हाक मार, आपण बरोबरीचे. आईने ते मान्य केलं, पण क्रियापदं काही बदलली नाहीत. त्यामुळे आमच्या घरात ‘दत्ता, कचरा टाकून या’ आणि ‘दत्ता, जेवायला बसता ना’ अशी एक चमत्कारिक भाषा चालायची, आणि पाहुणे ती ऐकून गोंधळायचे.

आई, सुनंदा, मुंबईच्या एका सहकारी बँकेत क्लार्क होती. आठवडाभर ती घरी फक्त झोपायला आणि डबे भरायला असायची, म्हणून रविवार हा तिचा तयारीचा दिवस. ‘तयारी’ हाच तिचा शब्द. आज तयारी आहे, म्हणजे आज कोणी स्वयंपाकघरात लुडबुडायचं नाही. सकाळी ती स्टेशनजवळ वाडीवाल्या बायका पाट्या घेऊन बसायच्या तिथे जायची आणि लाल माठ, मेथी, गवार, दुधी, भोपळ्याची फोड असं घेऊन यायची. मग बाहेरच्या खोलीत मंडळाचे लोक पत्रकांच्या घड्या घालत असताना आत तिच्या घड्या चालू व्हायच्या. मेथी निवडायची पण धुवायची नाही, जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूत गुंडाळून ठेवायची. छापलेली बाजू पानांना लागू द्यायची नाही, कारण शाई उतरते. गवार मोडून डब्यात. कांदा-खोबरं भाजून त्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये. नाचणीचं पीठ चाळून हाताशी. सोमवार-मंगळवार पालेभाजी, मधले दिवस दुधी-गवार, आणि कोबी, भोपळा, कडधान्यं मागे, कारण ती थांबतात. लाइट बराच वेळ गेली तर फ्रीजरमधलं वाटण आधी संपवायचं. पाणी येतं त्याच वेळेत भाज्या धुऊन घ्यायच्या. यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, बाहेर कोणीतरी मोठ्याने मसुदा वाचतोय, आणि मध्येच आतून आईचा आवाज, “दत्ता, तो मिक्सर संपेपर्यंत थांबा, तुमचे आठ तास मला ऐकू येत नाहीयेत!” बाहेर सगळे हसायचे. बाबाही हसायचे. मग आतून पोह्यांच्या बशा यायच्या.

बाबांना साखर निघाली त्या वर्षी हे सगळं आणखी घट्ट झालं. डॉक्टरांनी वेळेवर जेवा म्हणून सांगितलं, सातिवलीच्या टपरीवरचा वडापाव बंद केला, भात कमी, भाकरी, उसळ, पालेभाजी. बाबांनी घरी येऊन हे एखाद्या ठरावासारखं वाचून दाखवलं आणि आईने मान डोलावली. तिच्या डोक्यातला आठवडा पुन्हा एकदा मोडून नव्याने रचला गेला, एवढाच त्याचा परिणाम. आज मी तिचा तेव्हाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते. राग नव्हता त्यावर. कपडे वाळत घालून आत यावं आणि पुन्हा पाऊस लागावा, तेव्हा माणूस नुसता उठतो ना, तसा चेहरा होता.

आणि त्याच वर्षी बँकेत अधिकारीपदाची परीक्षा जाहीर झाली. आईने आधी दोनदा ती सोडून दिली होती. या वेळी तिच्या बँकेतून निवृत्त झालेल्या फिलोमिना मावशींनी तिला धरलं. मावशी पापडीच्या, घरामागे केळीची वाडी, नवरा मास्तर होता तो वारलेला, मुलं परदेशात. दर रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की त्या ओटीवर चार-पाच जणींना बसवून फुकट शिकवायच्या. आईला म्हणाल्या, “सुनंदा, तुझ्या हाताखाली शिकलेली पोरं तुझ्या डोक्यावर साहेब होऊन बसलीत. तुला लाज नाही वाटत? मला वाटते.” आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा उभे राहिले. खरंच उभे राहिले, सभेत राहतात तसे. “तू जायचंस. रविवारची तयारी माझ्याकडे आणि मुक्ताकडे. तू फक्त सांग, आम्ही करतो.”

मला तेव्हा बाबांचा एवढा अभिमान वाटला की मी त्या आठवड्यात ‘स्वयंपाकघरातला कामाचा दिवस’ नावाचं एक पत्रक लिहिलं आणि कॉलेजात वाटलं. ते आज वाचलं तर त्यातली भाषा फार तापलेली वाटते, पण त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही.

पहिल्या रविवारी आई स्टेशन ओलांडून रिक्षाने पापडीला गेली, आणि इकडे आम्ही ओट्याशी उभे राहिलो. बाबांनी सातिवलीची पद्धत लावली. एक काम सगळ्या मालावर आधी, मग दुसरं काम सगळ्या मालावर. सगळ्या भाज्या एकदम धुतल्या, सगळ्या एकदम चिरल्या. मधे अडलं की फोन. नाचणीचं पीठ कुठल्या डब्यात? गवार केवढी मोडू? वाटणात लसूण आधी की नंतर? दुधी सोलायचा का? आईचा आवाज प्रत्येक फोनला आणखी खाली जायचा, कारण तिकडे शिकवणं चालू असायचं. तिने सांगितलेलं आम्ही इमानाने करायचो आणि फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणायचे, “बघ, जमतंय.” तिसऱ्या का चौथ्या रविवारी बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हात पिठाचे होते म्हणून. “सुनंदा, मेथी आज करू की उद्याला ठेवू?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग आईच्या जागी फिलोमिना मावशी बोलल्या.

“दत्ताभाऊ, एक विचारू?”

“विचारा ना मावशी.”

“तुम्ही पत्रक लिहिता तेव्हा दर ओळीला हिला फोन करता का, पुढे काय लिहू म्हणून?”

बाबा हसले. “ते माझं काम आहे, मावशी.”

“हां,” मावशी म्हणाल्या. “मग बरोबर.” आणि फोन बंद झाला.

बाबांना ते लागलं की नाही मला कळलं नाही. ते म्हणाले, “म्हातारी तिखट आहे,” आणि थोडं थांबून मला विचारलं, “मेथी करायची का मग?”

त्या संध्याकाळी आई आली ती सरळ फ्रीजकडे गेली. आधीच्या आठवड्यात धुऊन, चिरून, ओलाच डब्यात भरलेला लाल माठ मंगळवारपर्यंत काळा चिकट झाला होता आणि तिने तो कामावर जायच्या आधी फेकून पहाटे उठून बटाट्याची भाजी केली होती, जी बाबांना चालत नव्हती. आताही डब्यात तसाच ओला माठ होता. तिने झाकण लावलं. पर्स न काढताच खुर्चीवर बसली.

“मी पुढच्या रविवारपासून जात नाही.”

बाबा चकित झाले. “का? आम्ही करतोय ना सगळं?”

“करताय.”

“मग काय राहिलं? जे राहिलं असेल ते तू फक्त सांग.”

आई हसली. तसं हसू मी नंतर फक्त एका संपाच्या शेवटी कारखान्याच्या गेटवर पाहिलं आहे, हरल्यावर घरी जाताना. “तेच तर, दत्ता. तिकडे मावशी व्याजाचं गणित समजावतात आणि माझ्या डोक्यात दुधी. तुम्ही हात चालवता, डोकं माझंच लावता. त्यापेक्षा इथे उभी राहून मी दोन्ही करते. तेवढंच दमते, फक्त रिक्षा वाचते.”

मग माझ्याने राहवलं नाही. मी तेव्हा राहवून घेणाऱ्यांतली नव्हतेच. “बाबा, तुम्ही गेटवर काय सांगता? मालक डोकं स्वतःकडे ठेवतो आणि हात आपले वापरतो. इथे तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. आईचं डोकं फुकट राबवता, आणि हात हलवले म्हणून टाळ्या घेता!”

“मुक्ता, आवाज खाली कर.”

“का? सभेत तर म्हणता, आवाज चढवा!”

“सभेत मला कोणी मालक नाही म्हटलं अजून,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते आईकडे वळले, आणि या वेळी उभ्याने नाही, स्टुलावर बसून बोलले. “पण विचारलं नाही तर मला कळणार कसं, सुनंदा? खरंच विचारतोय.”

“मला कसं कळलं?” आई म्हणाली. “आमच्याकडे गावाला रोजचं रोज आणायचं आणि रोज शिजवायचं. फ्रीज मी इथे आल्यावर उघडला. कोणी सांगितलं मला, मेथी कागदात ठेव म्हणून? सडवून सडवून शिकले. तुम्हाला आठवत नाही, कारण सडलेलं तुमच्या ताटात कधी आलं नाही.”

वर कोणाकडे तरी टीव्ही चालू होता. आईनेच उठून कुकर लावला.

तिने क्लास सोडला असता. मला खात्री आहे, काही बदललं नसतं तर तिने सोडलाच असता, आणि परीक्षा तिसऱ्यांदा गेली असती, आणि आम्ही सगळे त्याबद्दल हळहळलो असतो, बाबांनी तर त्यावर लिहिलंही असतं. तसं झालं नाही याचं कारण शनिवार. आईच्या बँकेत शनिवारीही काम होतं. बाबांनी सुट्टी घेतली आणि कोणालाही न विचारता कडधान्यं भिजवली. संध्याकाळी आई घरी आली, आणि ओट्याखाली तिला बादली दिसली. बादलीत मूग, मटकी, चवळी आणि हरभरे एकत्र पोहत होते. समतेवर आयुष्यभर बोललेल्या माणसाला हे सुचणं तसं स्वाभाविकच होतं. सगळ्यांना एकच पाणी, एकच वेळ, एकच फडकं. पण मुगाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ हरभऱ्याला लागतो, हे ज्याने कधी भिजवले आहेत त्याला ठाऊक असतं. मी दारात उभी होते. आईने बादलीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती हात धुवायला गेली. तिला मी कितीतरी कामं करताना पाहिलं आहे, पण इतकं जड काम करताना दुसऱ्यांदा नाही पाहिलं.

जात नाही म्हणालेली आई रविवारी गेली. आम्ही भाज्या काढून बसलो. थोड्या वेळाने बाबांनी सवयीने फोन लावला, आणि रिंग आमच्याच स्वयंपाकघरात वाजू लागली, फ्रीजच्या माथ्यावरून. आई फोन घरी ठेवून गेली होती. विसरली नव्हती. खाली नीट चार्जर गुंडाळून ठेवलेला होता. फोन वाजत राहिला आणि बाबा आपलाच फोन कानाला लावून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो बंद केला, फ्रीज उघडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात खरोखर काय आहे ते पाहिलं. एकेक डबा बाहेर काढून वास घेतला. “हे आधी जाणार,” माठाची जुडी हातात धरून ते स्वतःशीच म्हणाले. “हे थांबेल.” भोपळ्याला त्यांनी थोपटलं. मलाही फारसं येत नव्हतं, हे सांगायला हवं.

त्या आठवड्यात आम्ही जे खाल्लं ते मला जन्मभर आठवेल. मटकीला लांबलचक शेपट्या, मूग विरघळून पिठलं झालेला, चवळी बरी, आणि त्यात हरभरे टणक, दाताखाली खडे आल्यासारखे. आई जेवायला बसली, घास घेतला, चावला, बराच वेळ चावला. बाबा तिच्याकडे बघत होते. “दत्ता,” ती म्हणाली, “हरभऱ्यांचा संप अजून चालूच आहे वाटतं.” एवढंच. वेगवेगळं भिजवायला हवं होतं, असं ती म्हणाली नाही. टाकायचं नाही हे तर घराचं तत्त्वच, त्यामुळे ती उसळ डब्यातून सातिवलीलाही गेली, आणि तिथे एकाने विचारलं, “दत्तादा, ही भेळ कसली?” बाबा म्हणाले, “एकजुटीची आहे, गप खा.” पुढच्या शनिवारी ओट्याखाली बादली नव्हती, चार पातेली होती. हरभरे शुक्रवारीच भिजले होते. कोणी सांगितलं नव्हतं.

आई पास झाली. त्याचे पेढे वाटले, फिलोमिना मावशींनी वाडीतल्या केळ्यांची उन्हात वाळवलेली गोड सुकेळी पाठवली आणि वर निरोप, बाबांना देऊ नका. पण हे प्रकरण मला गोड करून संपवता येत नाही. अधिकारी झाल्यावर आईचे तास वाढले, बदली लांब झाली, आणि ती अधिकच दमलेली घरी येऊ लागली. रविवार मात्र बाबांचा राहिला, आजही आहे. त्यांची साखर ताब्यात आहे आणि मेथी ते कागदात गुंडाळतात. तरी मधूनच, टीव्हीसमोर पाय लांब करून ती बसलेली असताना, आतून हाक येतेच, “सुनंदा, उद्या काय करू?” आणि ती डोळे न उघडता म्हणते, “मला नाही माहीत, दत्ता. तुम्ही ठरवा.” हे वाक्य म्हणायला तिला दर वेळी ताकद लागते. मला ते तिच्या मानेवरून कळतं.

आणि माझं काय, तर माझा नवरा मला सभांमध्येच भेटला. आम्ही दोघांनी मिळून पत्रकं लिहिली आहेत, अर्धीअधिक तर घरकामावरच. आता विरारला राहतो, दोघंही नोकरी करतो, मूल लहान आहे. गेल्या महिन्यात मी ताप येऊन पडले होते. तो दारात आला, बाह्या वर केलेल्या, चेहऱ्यावर खरी काळजी, आणि म्हणाला, “तू पडून राहा. काय करायचं ते तू फक्त सांग.” मला हसावं की रडावं कळेना. एवढं लिहून, एवढं ओरडून, तेच वाक्य तशाच प्रेमाने दुसऱ्या घरात उभं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, “ताप उतरला की लिहीन.”

ते हे लिहिलं. तेव्हा याला प्रकरण म्हणा किंवा पत्रक म्हणा, शेवटी आवाहन आहेच. तुमच्या घरात जी बाई सगळा आठवडा डोक्यात घेऊन फिरते, तिला या रविवारी घराबाहेर जाऊ द्या, फोन घरी ठेवून. फ्रीज तुम्ही उघडा. आधी काय जाणार, काय थांबणार, ते नाकाने आणि हाताने ओळखा, सोमवार-मंगळवार ठरवा, भिजवायचं ते भिजवा. सडलं तर पुढच्या वेळी शिकाल, कडक राहिलं तर चावून खा. ती परत आल्यावर ‘जमलंय का गं?’ असंही विचारू नका. ताट वाढा.